रुमालाखालचा सौदा

साप माझ्यामुळे मेला नाही. हे पहिल्या ओळीतच लिहून टाकते, कारण माझ्या घरात हे वाक्य मला मोठ्याने म्हणता येत नाही. तेवढं बोलायचा हक्क मी विकून टाकला आहे, आणि विकलेल्या मालावर पुन्हा हात ठेवायचा नाही, असं मी वडिलांकडून शिकले.

वडील लातूरच्या आडत बाजारात मापाडी होते. दुसऱ्यांची तूर, दुसऱ्यांचा हरभरा आयुष्यभर तोलला. मी लग्न करून सिंगापूरला आले तेव्हा नवरा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि मी घरात. मग ओळखीच्या मराठी घरांना चांगली तूरडाळ, ज्वारीचं पीठ आणून द्यायला लागले. आज माझं स्वतःचं गोडाऊन आहे आणि दुकानं, हॉटेलं माझ्याकडून माल घेतात. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. भावात मी हटत नाही, माझा आवाज चढतो, आणि तो चढतो म्हणून लोक माझ्याबद्दल काय बोलतात तेही मला ठाऊक आहे.

नवऱ्याबद्दल मात्र सगळे चांगलंच बोलतात. आमचा घटस्फोट झाला तेव्हा ओळखीच्या बायका म्हणाल्या, इतका शांत माणूस, याच्याशी हिचं बिनसलं कसं? शांत माणसाला बरं असतं. तो वस्तू आणून देतो, गोड हसतो आणि निघून जातो. मागे जे निस्तरावं लागतं त्याला कुणीतरी तोंडाळ लागतं.

साप त्यानेच आणला, बिनविषारी, पाळण्यातला. त्याच्या ऑफिसातला कुणी देश सोडून चालला होता आणि तो साप कुणाच्या तरी गळ्यात मारायचा होता. इथे साप पाळायला बंदी आहे. पकडलं गेलं तर माझा आयातीचा परवाना, इथे कायम राहायची परवानगी, म्हणजे पीआर, सगळ्यावर गदा. पण लेकीने त्याच्या काचेच्या पेटीत हात घातला, तो तिच्या मनगटाला गुंडाळला, आणि बाप कौतुकाने बघत राहिला. "माझ्या काँडोत चालणार नाही गं, मॅनेजमेंट फार कडक आहे," असं म्हणून तो सेरंगूनला आपल्या घरी गेला. साप बुकित पंजांगला माझ्या फ्लॅटमध्ये राहिला. त्याचे गोठवलेले उंदीर माझ्या फ्रीजरमध्ये, मटाराच्या पिशवीखाली.

मी ओरडायची तेवढं ओरडले. "हे सरकारकडे देऊन टाकू," म्हटलं. लेक म्हणाली, "देन गिव्ह मी आल्सो." पुढे मी तो विषय काढला नाही.

कारण त्या वर्षी माझ्यापुढे एकच प्रश्न होता. नवऱ्याची बदली सिडनीला होणार होती. लेकीची ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा झाली की तिने तिकडच्या युनिव्हर्सिटीत यावं असं तो तिला हळूहळू सुचवत होता. मधूनच समुद्राचे फोटो, मधूनच हॉस्टेलचे. मला ती इथे हवी होती. इथेही चांगल्या युनिव्हर्सिट्या आहेत. माझ्याच एका गिऱ्हाइकाकडे युनिव्हर्सिटीजवळ क्लेमेंटीला खोल्या घेऊन शिकायला राहिलेली मराठी पोरं डबा खातात, ती काय मूर्ख आहेत? लेकीने काहीच ठरवलं नव्हतं. आठवडाभर माझ्याकडे, शनिवार-रविवार त्याच्याकडे, आणि दोन्हीकडे तिचं एकच उत्तर, "सी हाऊ," म्हणजे बघू.

साप, खरं सांगायचं तर, दिसायला वाईट नव्हता. पाठीवर विटकरी ठिपके, आणि पोटावर काळे-पांढरे चौकोन, कणसात दाणे बसावेत तसे. तिने त्याला नाव ठेवलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. नागपंचमीला मी पाटावर हळदीने नाग काढून पूजा केली तेव्हा ती दारात उभी राहून हसली. "आई, द रियल वन इज इनसाइड, व्हॉट." मी म्हटलं, "खऱ्याला कुंकू लावलं तर तो जीभ काढतो. हा बरा." ती खूप हसली होती.

किडे आले ते एका फांदीबरोबर. बापाने चोरून साप पाळणाऱ्या कुठल्याशा हौशी माणसाकडून वाकडीतिकडी सुंदर फांदी आणि पेटीत पसरायला झाडाच्या सालीची पिशवी आणली. पोरगी खूश. मला ती फांदी बघूनच आवडली नाही. जुनाट माल मला लांबून कळतो. काही दिवसांनी साप पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला तो बाहेरच येईना. भांड्याच्या तळाशी काळी खसखस सांडल्यासारखी दिसत होती. मी बोट बुडवून ती उचलली तर खसखस चालायला लागली.

मग नीट पाहिलं. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली, खवल्यांच्या फटीत, जिथे जागा मिळेल तिथे ते रुतून बसले होते. म्हशीच्या कानात गोचीड बसते तसे, पण मोहरीपेक्षाही बारीक. रक्त पिऊन काळे झालेले. सापाच्या अंगावर पांढरी धूळ दिसत होती, ती त्यांचीच घाण. लेकीने त्याला हातात घेतलं आणि तिच्या शाळेच्या पांढऱ्या बाहीवर काळे ठिपके पळायला लागले. ती रडायला लागली. डॉक्टरकडे न्यायची सोय नाही. न्यायचं तर आधी गुन्हा कबूल करायचा.

तिने फोनवर वाचून वाचून मला सांगितलं की हे माइट्स आहेत, आणि वेळीच काढले नाहीत तर साप रक्त जाऊन मरतो. मी म्हटलं, "रडू नकोस. हे मला येतं."

खरोखर येत होतं. माझा जन्म किड्यांशी भांडण्यात गेला आहे. तांदळात सोंडे, हरभऱ्यात भुंगेरे. नवा दुकानदार काय करतो, पोत्याला औषध मारतो. किडा पोत्यात कमी आणि गोडाऊनच्या फटीत जास्त असतो, हे त्याला माल सडल्यावर कळतं. आधी सगळं रिकामं करायचं, मग फटी धुवायच्या, आणि अंडी फुटायची वाट बघून पुन्हा पहिल्यापासून करायचं. दुसऱ्या वेळेला कंटाळा करणारा माणूस धंद्यात टिकत नाही.

तसंच केलं. साल आणि फांदी दोन पिशव्यांत घट्ट बांधून फेकली. साप झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, खाली नुसता पांढरा कागद, म्हणजे एकही काळा ठिपका लपणार नाही. काचेची पेटी उकळत्या पाण्याने धुतली, कोपरे दात घासायच्या ब्रशने. तिची खोली रिकामी केली, गादी, पडदे, अभ्यासाचं टेबल सगळं बाहेर. आणि रोज संध्याकाळी साप कोमट पाण्याच्या पातेल्यात. ती त्याचं डोकं पाण्याबाहेर धरून बसायची, मी ओल्या फडक्याने त्याला डोक्याकडून शेपटीकडे पुसायची. फडकं काळं व्हायचं. खिडकीबाहेरून एलआरटीची छोटी गाडी जायची. ती आणि मी मोरीत जमिनीवर, गुडघ्याला गुडघा लावून.

इतकी जवळ ती कित्येक वर्षांत बसली नव्हती. हातात काम असलं की पोरं बोलतात. एकदा तिने विचारलं, "आजोबा काय करायचे एग्झॅक्टली?" मी तिला आडतीतल्या जुन्या सौद्याबद्दल सांगितलं. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. तोंडाने अवाक्षर नाही. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी भाव कळायचा त्या दोघांनाच. साप डब्यात ठेवल्यावर मी ओट्यावरचा नॅपकिन घेतला आणि तिची बोटं धरून दाखवलं. तिची बोटं ओली होती.

"सो नोबडी नोज?"

"कुणालाच नाही. आणि नंतर सांगायचंही नाही. जो सांगतो त्याच्याशी पुन्हा कुणी हात मिळवत नाही."

"सो शेडी, आई," ती म्हणाली, आणि हसून परत बोटं पुढे केली. "अगेन."

पेटीच्या फटींत अंडी राहिली असणार, म्हणून औषध लागणार होतं. लेक तयार नव्हती. तिने वाचलं होतं की चुकीच्या फवाऱ्याने साप मरतात. मी म्हटलं, "सापावर नाही मारणार. रिकाम्या पेटीत मारू आणि वास जाईपर्यंत उघडी ठेवू. आम्ही गोडाऊनला धुरी देतो तेव्हा तेच करतो." ती नाइलाजाने हो म्हणाली.

सेरंगूनला पक्ष्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथल्या चिनी म्हाताऱ्याला मी सांगितलं, पोपटाला किडे झालेत.

"कुठला पोपट?"

"हिरवा."

"मोठा?"

"लांब," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "आंटी, तुमच्या पोपटाला पाय आहेत ना?"

"तू बाटली विकतोस का चौकशी करतोस?"

"विकतो लाह, विकतो," म्हणत त्याने बाटली काढली. मी सवयीप्रमाणे भाव पाडायला लागले तर तो म्हणाला, "बिनपायाच्या पोपटाला डिस्काउंट नाही." मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. बाटलीवरचा मजकूर तिथेच उभी राहून शेवटपर्यंत वाचला. काचेवर मारायचं, प्राण्यावर नाही, वाळू द्यायचं.

पेटीत एकदाच फवारलं, झाकण काढून बाल्कनीत ठेवली, पंखा लावला. वास पूर्ण गेला तरी साप तिच्यात ठेवायची घाई केली नाही. डब्यातल्या पांढऱ्या कागदावर काळे ठिपके कमी होत गेले, मग दिसेनासे झाले. साप डब्यातल्या पाण्याच्या भांड्यातून बाहेर आला. त्याच्या डोळ्यांभोवतीची सूज उतरली. लेकीने त्याला उंदीर दिला आणि तो त्याने खाल्ला, तेव्हा तिने मला मिठी मारली. त्या आठवड्यात तिने स्वतः होऊन इथल्या युनिव्हर्सिटीचं पान उघडून मला दाखवलं. सिडनीचं नाव नाही. तेव्हा मी मनात म्हटलं, जिंकले.

हे सगळं बापाला कळत होतं. ती त्याला फोनवर सांगायची, आईने असं केलं, आईने तसं केलं. त्याच्या घराची एक किल्ली माझ्याकडे आणि माझ्या घराची त्याच्याकडे होती, अडीअडचणीला असावी म्हणून. एका सकाळी मी गोडाऊनला, लेक शाळेत, आणि तो आमच्याकडे येऊन गेला.

दुपारी मी घरी आले आणि दारातच कापराचा वास आला. मला वाटलं, देव्हाऱ्यातली डबी उघडी राहिली. डबी उघडीच होती, पण रिकामी. तिच्या खोलीत गेले. डब्याचं झाकण घट्ट लावलेलं, वरच्या भोकांवर टॉवेल. आत साप तेलाने चकचकत होता. तो मान वर करायचा आणि मान मागे वळून उलटी पडायची. पुन्हा वर करायचा, पुन्हा उलटी. पोटावरचे ते चौकोन वर आले होते.

मी फोन लावला. "तू काय केलंस?"

"अगं, झालं का बरं?" त्याच्या आवाजात कौतुक होतं. "खोबरेल तेलात कापूर. आई ताईच्या केसांना लावायची ना उवा झाल्या की. एका दिवसात साफ. तुमचं ते धुणं-पुसणं किती दिवस चाललंय! म्हटलं, पोरीला सरप्राइज देऊ."

आमच्या सगळ्यांच्या घरात हेच तेल होतं. माझ्याही डोक्याला लावलेलं आहे. केसांवर फडकं गुंडाळून, वास बाहेर जाऊ न देता बसायचं. त्याने सापालाही अगदी तसंच बसवलं होतं. मी फोनवर त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. शिव्या संपल्यावर फोन ठेवला आणि साप मोरीत नेला. कोमट पाणी, बाळाच्या अंगाचा साबण, पुन्हा पाणी. पाणी बदलत राहिले. तेल गेलं, वास गेला. खिडक्या उघडल्या, टॉवेल धुवायला टाकला. मी एकटीच होते, त्याचं डोकं एका हाताने पाण्याबाहेर धरायचं आणि दुसऱ्या हाताने पुसायचं. त्याची जीभ बाहेर राहिली होती, आत जात नव्हती.

लेक आली तेव्हा साप कोरड्या कागदावर होता. घरात साबणाचा वास. बाल्कनीत ती फवाऱ्याची बाटली.

"व्हॉट हॅपन्ड टु हिम?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिची नजर बाटलीवर गेली. मी म्हणाले, "थांब, आधी ऐक." पण ती खाली बसून त्याला हातात घेत होती, आणि तो तिच्या मनगटाला धरत नव्हता, नुसता लोंबत होता. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, त्याला घेऊन खोलीत गेली आणि आतून कडी लावली. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून ती त्याला मांडीवर घेऊन बसली, आणि दुपारच्या आत तो तिच्या मांडीवर मेला.

"यू यूज्ड द स्प्रे ऑन हिम. मी नको म्हटलं होतं. यू नेव्हर लिसन, यू ऑल्वेज थिंक यू नो."

"मी त्याच्यावर काही मारलेलं नाही."

"देन हूज बॉटल?" ती किंचाळली. माझाच आवाज तिच्या तोंडातून आला. "आय गो टु बाबा. आय गो सिडनी. फिनिश."

मी खरं सांगायला निघाले होते. शपथेवर सांगते, शब्द जिभेवर होते. तेवढ्यात फोन वाजला. तो खाली आला होता.

आमच्या ब्लॉकच्या खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलं आहेत. एका टेबलाशी म्हातारे पत्ते खेळत होते. दुसऱ्याशी तो बसला होता, ऑफिसच्या कपड्यांत, चेहरा उतरलेला. लेकीने त्याला मेसेज केला होता की आईने फवाऱ्याने साप मारला.

"तू सांगितलंस तिला?" त्याने विचारलं.

"अजून नाही. आता वर जाऊन सांगणार आहे."

"नको सांगूस." तो टेबलाकडे बघत होता. "ती तुझ्यावर चिडते आणि विसरते. तुमचं रोजचंच आहे ते. माझ्यावर ती कधी चिडलेली नाही. ती मला तोंड दाखवणार नाही गं."

मला इतका संताप आला की मी ओरडलेच. म्हणजे माझ्या लेकीचा राग झेलायला मी, कारण मला सवय आहे. म्हाताऱ्यांनी पत्ते थांबवून आमच्याकडे पाहिलं. मी आवाज खाली आणला. आणि खाली आणता आणता मला दिसलं की हा माणूस घाबरलाय. समोरचा घाबरला की माझ्यात काहीतरी आपोआप जागं होतं. बाजारात वाढल्यावर ते येतंच.

मी विचारलं, "माझ्या गप्प बसण्याबद्दल काय देतोस?"

त्याने खिशातून फोन काढून तिचा मेसेज पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "सिडनीचा विषय मी सोडतो. तिला सांगतो, तिकडे मला वेळ नसेल, तू इथेच शिक."

"ती आता स्वतःहून येते म्हणाली तरी?"

"तरी. नाही म्हणेन."

"आणि किल्ली."

त्याने जुडग्यातून माझ्या घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी त्यावर हात ठेवला. त्याचा हात अजून तिथेच होता, तेव्हा आमची बोटं एकमेकांना लागली. वर रुमाल नव्हता इतकंच. पत्तेवाले पुन्हा खेळायला लागले होते.

त्याने शब्द पाळला, हे मी कबूल करते. तिला त्याने गोड बोलून नकार दिला, आणि तिला तो पटला, कारण त्याचं तिला नेहमी पटतं. ती माझ्याकडेच राहते. बसने युनिव्हर्सिटीला जाते आणि संध्याकाळी घरी येते. मला जे हवं होतं ते सगळं माझ्या घरात आहे, दार लावून आतल्या खोलीत.

माझ्याशी ती मराठी बोलत नाही. जेवलीस का म्हटलं तर "एट ऑलरेडी". उशीर होईल का म्हटलं तर "सी हाऊ". शनिवारी बापाचा सिडनीहून फोन येतो तेव्हा तिच्या खोलीतून हसण्याचा आवाज येतो आणि मी टीव्ही मोठा करते. ओळखीची एक बाई, लेकीच्या मैत्रिणीची आई, मला म्हणाली, ऐकलं मी ते, किती वाईट झालं, तुम्हालाही कळायला हवं होतं ना औषध जपून वापरावं. मी, जिने आयुष्यभर धान्याला कीड लागू दिली नाही, मी ऐकून घेतलं. त्या बाईला मी माल देणं बंद केलं आहे.

साप आम्ही कॉरिडॉरमधल्या कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीत पुरला. पुरायला दुसरी जागा नव्हती आणि कचऱ्याच्या चूटमधून खाली टाकायला ती तयार नव्हती. माती मी उकरली, ठेवला तिने. त्या दिवसापासून कुंडीला पाणी ती घालते, मला घालू देत नाही. कढीपत्ता मी आता बाजारातून आणते.

घरात कापूर मी अजून लावते. देवाशी माझं भांडण नाही. डबी मात्र आता माझ्या कपाटात, कुलपात असते.

परवा हे लिहीत बसले होते तेव्हा ती पाणी प्यायला बाहेर आली आणि माझ्या मागे उभी राहिली. कागद झाकावा असं वाटलं, झाकला नाही. बोलता येतं तिला, समजतंही सगळं, पण आम्ही तिला अक्षरं शिकवलीच नाहीत. शाळेत हिंदी घेतली होती, तीही केव्हाच सोडली. त्यातली काही अक्षरं ओळखू आली असतील कदाचित. तिने खांद्यावरून वाकून पानाकडे पाहिलं, ज्या ओळीवर माझं बोट होतं त्या ओळीकडे.

"व्हॉट यू रायटिंग?"

"गोडाऊनचं काहीतरी."

ती अजून थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं, विचारेल. मग तिने पेला भरला आणि कुंडीकडे गेली.